राजदूताच्या तोंडून बोललेला धर्मोपदेशक

इ. स. १६२० च्या अखेरीस लंडनमध्ये एक लहानसे पुस्तक लोकांच्या हातोहात फिरू लागले. त्यावर लेखकाचे नाव नव्हते. ‘व्हॉक्स पॉप्युली’, म्हणजे ‘जनतेचा आवाज’, असे त्याचे लॅटिन नाव. आत बोलत होता मात्र स्पेनचा राजदूत काउंट गोंडोमार. इंग्लंडहून स्वदेशी परतल्यावर स्पेनच्या राजमंडळापुढे त्याने केलेले हे निवेदन आहे, असा त्या पुस्तकाचा सारा थाट होता. इंग्लंडचा राजा आपण गोड बोलून कसा गुंगवला, दरबारी माणसांना पैसा चारून कसे अंकित केले, स्पेनचा कट्टर वैरी सर वॉल्टर रॅले याचा काटा कसा काढवला आणि राजपुत्राच्या विवाहाचे आमिष दाखवून हे राज्य कॅथलिक सत्तेच्या पंखाखाली कसे आणता येईल, हे सर्व तो मोठ्या आढ्यतेने सांगतो. वाचणाऱ्यांचे रक्त तापले. हे निवेदन खरेच कुठून तरी बाहेर फुटले असावे, अशी अनेकांची समजूत झाली. त्या काळची रोजनिशी लिहिणारे सायमंड्स ड्यूज यांच्यासारख्या सुशिक्षित गृहस्थांनाही हे लिखाण जाणत्या मंडळींना पटलेले दिसले.

वस्तुतः असे निवेदन कधी झालेच नव्हते. पुस्तक लिहिले होते नॉर्विच येथील थॉमस स्कॉट नावाच्या एका प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने.

स्कॉटला हा खटाटोप का करावासा वाटला, हे समजण्यासाठी त्या वेळचे राजकारण थोडे ध्यानात घ्यावयास हवे. १६०४ साली जेम्स राजाने स्पेनशी तह करून जुने युद्ध मिटवले होते. आपला पुत्र चार्ल्स याचा स्पेनच्या राजकन्येशी विवाह जुळवावा, म्हणजे मोठा हुंडाही मिळेल आणि युरोपात शांतताही नांदेल, असा त्याचा मनोदय होता. प्रजेला मात्र ही सोयरीक रुचत नव्हती. त्यातच १६१९ मध्ये जेम्सचा जावई फ्रेडरिक याने बोहेमियाचा राजमुकुट स्वीकारला आणि पुढच्याच वर्षी स्पॅनिश फौजा त्याच्या ऱ्हाइनकाठच्या मुलखात शिरल्या. एकीकडे राजकन्येचा संसार उधळला जात असता दुसरीकडे राजा त्याच स्पेनशी लग्नाची बोलणी चालवतो, हे दृश्य लोकांना सहन होईना.

परंतु बोलायचे कोठे? राजकारण हा राजाचा खाजगी प्रांत, अशी जेम्सची धारणा होती. डिसेंबर १६२० मध्ये त्याने जाहीरनामा काढून राज्यकारभाराविषयी वाटेल ते बोलण्यास मनाई केली आणि पुढच्या वर्षी तोच पुन्हा काढावा लागला. धर्मपीठावरून बोलणाऱ्यांनाही आवर घालण्यात आला. अशा वेळी स्कॉटने काढलेली युक्ती मोठी चतुर होती. राजाला दोष देण्याचे धाडस त्याने केले नाही. त्याने शत्रूलाच बोलते केले. राजा भोळा ठरतो, मंत्री लाचखाऊ ठरतात, पण हे सारे म्हणतो कोण, तर स्पेनचा राजदूत!

पुढे आपल्या या कृतीचे समर्थन करताना, नाटककार जशी परदेशी नावांची पात्रे रंगभूमीवर आणतात तशीच मी दोन-चार स्पॅनिश नावे घेतली, अशा आशयाचे उत्तर स्कॉटने दिले. हे उत्तर चतुर असले तरी पुरेसे नाही. नाटकाला जाणारा माणूस आपण नाटक पाहतो आहोत हे जाणून बसतो. ‘व्हॉक्स पॉप्युली’चा वाचक ते जाणत नव्हता. प्रश्न अधिक अवघड होतो तो यामुळे, की त्या बनावटीत सत्याचा अंश मोठा होता. इंग्लिश दरबारातील काही बड्या लोकांना स्पेनकडून खरोखरच तनखे मिळत होते. रॅलेला १६१८ मध्ये देहदंड व्हावा म्हणून गोंडोमारने खरोखरच नेट लावला होता. मग दहा गोष्टी खऱ्या असताना अकरावी रचून सांगितली तर बिघडले कोठे? बिघडते ते असे, की त्या दहांच्या जोरावर अकरावीही खपून जाते. सारी पृथ्वी गिळण्याचा स्पेनचा डाव आणि त्याला इंग्लंडमधील कॅथलिकांची आतून साथ, हे चित्र लोकांनी खरे मानले. आणि त्याची झळ निमूटपणे आपला धर्म पाळणाऱ्या सामान्य कुटुंबांपर्यंत पोहोचली. १६२१ साली गोंडोमारच्या पालखीमागे लंडनमधील कारखान्यांची उमेदवार पोरे अर्वाच्य ओरडत धावली आणि राजाज्ञेने त्यांना फटके खावे लागले. पुस्तकातला राग रस्त्यावर उतरला होता.

हा धर्मभेद आपल्याकडील मराठी वाङ्मयालाही एका वेगळ्या वाटेने स्पर्श करून गेला आहे. याच इंग्लंडचे एक कॅथलिक सुपुत्र, फादर थॉमस स्टीफन्स, मायदेश सोडून रोमला गेले, जेझुइट झाले आणि १५७९ मध्ये गोव्यास पोहोचले. मायदेशी कॅथलिक धर्मगुरूला पुढे राजद्रोही ठरवण्यात आले. गोव्यात मात्र त्यांनी मराठीत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले. स्टीफन्स १६१९ मध्ये वारले, त्याच्या पुढच्याच वर्षी स्कॉटचे पुस्तक निघाले. पोर्तुगालचा मुकुट तेव्हा स्पेनच्या राजाकडे असल्याने गोव्यावरही त्याचेच स्वामित्व होते. लंडनमध्ये विवाहाची बोलणी रंगात असताना, १६२२ मध्ये इंग्लिश कंपनीच्या जहाजांनी इराणच्या शहाला साह्य करून त्याच राजाच्या अमलाखालचे होर्मुझ घेतले, ही त्या काळच्या राजनीतीची गंमत म्हणावी लागेल.

लेखकाचे नाव फुटले तेव्हा स्कॉटने अटक चुकवून हॉलंड गाठले. युट्रेक्ट येथे तो इंग्लिश पलटणीचा धर्मोपदेशक झाला आणि तेथून एकामागून एक पत्रके लिहीत राहिला. वीसहून अधिक पुस्तिका त्याच्या नावावर सांगितल्या जातात. १६२२ मधील ‘द बेल्जिक पिस्मायर’ या पुस्तिकेत त्याने मुंगीचे उदाहरण घेऊन डच लोकांची उद्यमशीलता आपल्या देशबांधवांपुढे ठेवली आहे. तो केवळ द्वेषाचा प्रचारक नव्हता, हे त्यावरून दिसते.

१६२३ मध्ये चार्ल्स आणि बकिंगहॅम खोट्या दाढ्या लावून, स्मिथ हे नाव घेऊन माद्रिदला गेले आणि वधूवाचून परतले. लंडनमध्ये आनंदाच्या होळ्या पेटल्या. १६२४ मध्ये ‘व्हॉक्स पॉप्युली’चा दुसरा भाग निघाला. त्याच वर्षी थॉमस मिडल्टनने ‘अ गेम ॲट चेस’ या नाटकात स्कॉटच्या लिखाणाचा उपयोग करून गोंडोमारला बुद्धिबळाच्या पटावरील काळा घोडेस्वार केले. ग्लोब नाट्यगृहात ते सलग नऊ दिवस चालले आणि स्पेनच्या वकिलाने तक्रार केल्यावर बंद पडले.

१६२५ मध्ये स्कॉटला हवे होते ते युद्ध सुरू झाले. परंतु काडिझवरील स्वारीची दुर्दशा झाली आणि ज्या राजपुत्राला कॅथलिक वधूपासून वाचवण्यासाठी त्याने घरदार सोडले, त्याने त्याच वर्षी फ्रान्सच्या कॅथलिक राजकन्येशी विवाह केला. १६२६ च्या जूनमध्ये युट्रेक्टला चर्चमधून बाहेर पडताना जॉन लॅम्बर्ट नावाच्या एका इंग्लिश सैनिकाने स्कॉटला भोसकले. मागे स्पेनचा किंवा जेझुइटांचा हात असणार, असे अनेकांनी तात्काळ ठरवून टाकले. परंतु यातना देऊनही मारेकऱ्याने कोणाची फूस असल्याचे कबूल केले नाही. तो भ्रमिष्ट असावा असे दिसते. जन्मभर ज्याने प्रत्येक घटनेमागे कट पाहावयास शिकवले, त्याच्या मृत्यूकडेही त्याच्या वाचकांनी त्याच दृष्टीने पाहिले.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गोंडोमारही वारला. हा राजदूत मोठा ग्रंथप्रेमी होता. त्याच्या संग्रहातील पुष्कळ ग्रंथ आणि पत्रव्यवहार आज माद्रिदच्या राजग्रंथालयात आहे. स्कॉटने त्याच्या तोंडी घातलेले भाषण आणि त्याच्या स्वतःच्या हातची पत्रे आता शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात. १६२० च्या वाचकाला ती सोय नव्हती. म्हणूनच त्याला दोष देण्याची घाई करू नये. मात्र शत्रूचे एखादे ‘गुप्त निवेदन’ आपल्या मनातील भीतीशी फारच नेमके जुळू लागले, तर ते कोणी लिहिले असेल, एवढा विचार आपण तरी अवश्य करावा.