मटण सोडले, मग ताटात काय आले?

आषाढ पौर्णिमेला विहारात वर्षावास सुरू होतो आणि आपल्या अनेक घरांत त्या दिवसापासून अश्विन पौर्णिमेपर्यंत मटण-मासळी बंद होते. कुणी तीन महिन्यांपुरते सोडतात, कुणी एखाद्या शिबिराला जाऊन आल्यावर कायमचे. मागच्या वर्षी वर्षावासाच्या मध्यावर आम्ही विहारात महिलांची रक्ततपासणी ठेवली होती. घरकाम करणाऱ्या एक ताई रांगेत उभ्या असतानाच खाली बसल्या. हिमोग्लोबिन निघाले ८.४. बाईच्या रक्तात ते निदान १२ हवे.

ताई म्हणाल्या, "सिस्टर, मी तर आता सगळं शुद्ध खाते. तरी चक्कर का येते?"

आम्ही नेहमीचा प्रश्न विचारला, काल दिवसभरात काय खाल्ले? सकाळी चहा-खारी. दुपारी दोन चपात्या आणि बटाट्याची भाजी. संध्याकाळी परत चहा. रात्री भात-आमटी. आमटीत डाळ किती? "एक वाटी." खाणारी माणसे किती? "सात." आणि वर्षावासाच्या आधी काय खात होता? त्या हसल्या. एखाद दिवशी अंडे, आठवड्यातून दोनदा सुकट नाहीतर बोंबील, रविवारी कोंबडी.

सांगायला हवे की ८.४ हा आकडा दोन महिन्यांत येत नाही. ताईंच्या अंगात रक्त आधीपासूनच कमी होते, आपल्या वस्तीतल्या बहुतेक बायांचे असते तसे. पण जो थोडासा टेकू होता तोही निघून गेला. मूठभर सुकटीत साधारण दोन अंड्यांएवढी प्रथिने असतात. तिच्या जागी बटाटा आला, आणि १०० ग्रॅम बटाट्यात प्रथिने दोन ग्रॅमसुद्धा नाहीत. ताईंनी मांसाहार सोडला होता, पण त्याच्या जागी काहीच धरले नव्हते.

आता त्या "शुद्ध" शब्दाबद्दल. तो आम्हाला खटकला आणि आम्ही तिथेच बोललो. मटण खाणारा अशुद्ध आणि वरणभात खाणारा शुद्ध, ही मोजपट्टी आपली नाही. याच मोजपट्टीने आपल्या आजी-आजोबांना गावाबाहेर ठेवले, आणि आजही शहरात कुणी काय खातो हे विचारून घर भाड्याने नाकारले जाते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे, पण मांस न खाण्याची नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना बाबासाहेब मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक करतात. जीवक सुत्तात तथागतांनी भिक्खूंना सांगितले ते एवढेच, की आपल्यासाठी मारलेले पाहिले, ऐकले किंवा तसा संशय आला तर ते मांस घेऊ नये. म्हणून कुणी करुणेपोटी सोडत असेल, कुणी डॉक्टरांनी सांगितले म्हणून, कुणी परवडत नाही म्हणून, तर त्या सर्वांना जय भीम. जे खातात त्यांनाही जय भीम. हा लेख सोडणाऱ्यांसाठी आहे, कारण चक्कर त्यांना येते आहे.

हिशेब अगदी सोपा आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम, ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात. एक मूठ कोरडी डाळ किंवा कडधान्य म्हणजे साधारण ३० ग्रॅम, त्यात सुमारे ७ ग्रॅम प्रथिने. मग ती तूर असो, मसूर, मूग, मटकी, चवळी, हरभरा की कुळीथ, फार फरक नाही. मूठभर शेंगदाण्यांचेही तेच. म्हणजे एक मूठ कडधान्य एका अंड्याला भारी आहे. पण ताईंच्या घरची आमटी बघा. एक वाटी डाळ सात जणांत, म्हणजे प्रत्येकाला अर्धी-पाऊण मूठ, तीही पाण्यात पोहणारी. मांसाहार सोडणाऱ्या मोठ्या माणसाच्या पोटात दिवसभरात निदान तीन मुठी गेल्याच पाहिजेत, सगळ्या एका वेळेला नव्हे, विभागून.

"मग महिन्याचा किराणा कोण भरणार?" हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो आणि तो बरोबरच आहे. रेशनवर तांदूळ-गहू मिळतात, डाळ विकतच आणावी लागते. यावर आमचे उत्तर, तीन मुठी तूरडाळच हवी असे कुठे आहे? तूर महाग असेल त्या महिन्यात मसूर, मटकी, हरभरा घ्या. फुटाणे, शेंगदाणे घ्या. आणि सोयाबीनच्या वड्या घ्या. १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, डाळीच्या दुप्पट. जी रविवारची कोंबडी वाचली तिचे पैसे मोबाइलच्या रिचार्जमध्ये जाऊ न देता या डब्यांत टाका, एवढेच.

पण नुसत्या हिशेबावर कुणी जेवत नाही. वर्षावासाच्या तिसऱ्या आठवड्यात पोरे ताट सरकवतात, नवरा बाहेर अंडा-भुर्जीच्या गाडीवर उभा दिसतो, आणि बाई बटाट्याचीच भाजी पुन्हा करते कारण ती पटकन होते. आमच्या मंडळातल्या एका आजीने यावर जे सांगितले ते आम्हाला नर्सिंगच्या तीन वर्षांत कुणी शिकवले नव्हते. त्या म्हणाल्या, "अगं, आपल्याला मटणाची आठवण येत नाही, तर्रीची येते." खरेच आहे. भाजलेला कांदा, भाजलेले सुके खोबरे, आले-लसूण, कोथिंबीर यांचे वाटण आणि घरचा काळा मसाला, चव निम्मी तिथे असते. मांसाहार सोडला की आपण वाटणही सोडतो आणि पाणचट आमटीवर येतो. वाटण सोडू नका.

आजींचा सोयावडीचा रस्सा असा. पाच माणसांना १०० ग्रॅम वड्या मिठाच्या उकळत्या पाण्यात पाच-सात मिनिटे ठेवायच्या. मग गार पाण्यात टाकून दोन-तीनदा घट्ट पिळायच्या. वडीचा तो उग्र वास जातो तो पिळण्यानेच, आणि लोक चुकतात तेही इथेच. पिळलेल्या वड्यांना आले-लसणाची पेस्ट, हळद, तिखट आणि दोन चमचे दही लावून अर्धा तास ठेवायच्या. तेलात खरपूस परतायच्या आणि मग नेहमीच्या वाटणाच्या रश्शात सोडून दहा मिनिटे उकळू द्यायच्या. प्रत्येकाच्या ताटात १० ग्रॅम प्रथिने येतात. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती सकाळी उपाशीपोटी घ्यायची आणि सोयाबीन दुपारी किंवा रात्री खायचे.

विदर्भातल्या घरांना पाटवडी सांगायला नको. बेसनाचे घट्ट पिठले हाटून तेल लावलेल्या ताटात थापायचे, वरून खोबरे-कोथिंबीर, गार झाले की वड्या कापायच्या आणि जेवताना वरून झणझणीत रस्सा ओतायचा. खानदेशात तुरीच्या डाळीचे फुणके आहेत, सांगली-कोल्हापूरकडे अख्खा मसूर आहे, मराठवाड्यात डुबुकवड्यांची आमटी आहे, कोकणात कुळथाची पिठी. मुंबई-पुण्याच्या वस्तीत या सगळ्या भागांतली माणसे एका नळावर पाणी भरतात, तेव्हा शेजारणीला विचारा. शिकायला पैसे पडत नाहीत.

आम्ही ताईंना कागदावर एक दिवस लिहून दिला तो असा. सकाळी चहा-खारीऐवजी भिजवलेल्या एक मूठ मुगाची दोन धिरडी. डब्यात दोन ज्वारीच्या भाकरी, मटकीची उसळ, लिंबाची फोड. संध्याकाळी मूठभर फुटाणे-शेंगदाणे. रात्री भात, पिठले आणि वाटीभर दही. बेरीज केली तर ४८ ग्रॅमच्या आसपास भरते. भाकरी-भातातही प्रथिने असतात, पण धान्यात जे कमी ते डाळीत असते आणि डाळीत जे कमी ते धान्यात. दोन्ही एका दिवसात पोटात गेले की काम होते. ताई म्हणाल्या सकाळी साडेसहाला कामावर निघते, धिरडी कधी घालू? प्रश्न रास्त होता. मग धिरड्यांऐवजी शेंगदाण्याची चटणी आणि रात्रीची भाकरी असे ठरले.

उसळीने पोट फुगते अशी तक्रार हमखास येते. एकदम सुरू करू नका, पहिल्या आठवड्यात अर्धी मूठच. रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्या, नीट शिजवा, फोडणीत हिंग-ओवा घाला. पावसाळ्यात मोड आणताना कडधान्य चिकट होते, फडके रोज उकळत्या पाण्यातून काढा. आंबूस वास आला तर सरळ टाकून द्या.

आता जे बोलायला आम्हाला जड जाते ते. वॉर्डात ड्युटी करताना आम्ही पाहिले आणि वस्तीतही तेच पाहतो, मटण असो की डाळ, बाईच्या ताटात रस्साच येतो. आधी नवरा, मग मुलगे, मग सासू-सासरे. भांड्याच्या तळाची घट्ट डाळ त्यांना, वरचे पाणी शेवटी बसणारीला. मग पाच मुठी डाळ घातली काय आणि दहा घातली काय. यावर आम्ही मंडळात एकच नियम केला, वाढण्याआधी पातेले तळापासून ढवळायचे आणि सर्वांची ताटे एकाच वेळी वाढायची, स्वतःचेसुद्धा. एका भाऊंनी विहारात विचारले, यात धम्म कुठे आला? आम्ही म्हटले, समतेवर भाषण करता ना, मग डाव हातात घ्या.

प्रथिनांइतकेच लोहाकडे बघावे लागते. बाजरी, मटकी, हळीव, हिरव्या पालेभाज्या यांत लोह आहे, पण वनस्पतींतले लोह शरीर कमी घेते. लिंबू, आवळा, पेरू सोबत असेल तर जास्त घेते, आणि जेवणाला लागून चहा प्यायला तर आणखी कमी. म्हणून चहा जेवणाआधी किंवा नंतर निदान एक तास दूर. हिमोग्लोबिन कमी असेल तर नुसत्या खाण्याने भरून येत नाही, गोळ्या घ्याव्या लागतात. त्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. गोळीने शौच काळी होते, त्याला घाबरून बंद करू नका.

बी-१२ हे जीवनसत्त्व डाळीत नाही, भाजीत नाही. ते दूध, दही, ताक, अंडी आणि मांस-मासळीतच असते. हातापायांना मुंग्या, जीभ सोलवटल्यासारखी, सतत थकवा असे असेल तर डॉक्टरांना दाखवा. ज्यांनी मांस सोडले पण अंडे चालते त्यांनी ते बिनधास्त खावे.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी, टीबीचे औषध चालू असणाऱ्यांनी हा बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. शेवटच्या तीन महिन्यांत गरोदर बाईला रोज सुमारे २२ ग्रॅम प्रथिने जास्त लागतात, तीन मुठींएवढी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर उलट प्रथिने मोजून घ्यावी लागतात, तेही डॉक्टरांनाच विचारून. आणि लहान मुलांच्या ताटातले अंडे मोठ्यांच्या संकल्पापायी काढू नका. संकल्प तुमचा आहे, त्यांचा नाही.

त्या ताईंची आम्ही अश्विन पौर्णिमेनंतर पुन्हा तपासणी केली. गोळ्या आणि जेवण दोन्ही चालू होते, आकडा १०.१ झाला होता. वर्षावास संपल्यावर त्यांनी अंडी सुरू केली, मटण नाही. रविवारी नवरा आणि मुले कोंबडी खातात, ताईंसाठी त्याच वाटणात सोयावडी पडते. मुलगी दोन्हीतले खाते. गोळ्या अजून दोन महिने चालवायच्या आहेत.