घर बांधून झाले, पण पूर्ण झाले का?

२०२५च्या रमजानला आठवडा असताना नगरपरिषदेतून आमच्या घराचे भोगवटा प्रमाणपत्र हातात आले. एकच कागद, त्यावर गोल शिक्का. तोपर्यंत रंग झाला होता, पडदे लागले होते, सामान हलवायची तारीखही दोनदा ठरून मोडली होती. नातेवाईक विचारायचे, "घर तर झालंय, मग राहायला का जात नाही?" त्याचे उत्तर त्या कागदात होते.

मी शाळेत शिकवते. बांधकामातले मला काही कळत नव्हते. चार वर्षांत जे शिकले, त्यातले बरेच चुकून शिकले. आपल्या वाचक भगिनी-बंधूंपैकी कोणी स्वतःचे घर बांधायच्या विचारात असेल, तर आमच्या चुका त्यांच्या उपयोगी पडाव्यात म्हणून हे लिहिते आहे.

पहिली अडचण नकाशाची नव्हती

आमचा प्लॉट साडेतीन गुंठ्यांचा, म्हणजे सुमारे ३५४ चौरस मीटर. माझ्या मरहूम सासऱ्यांनी घेतलेला. २०१९ मध्ये त्यांचा इंतकाल झाला. दोन वर्षांनी आम्ही इंजिनिअरकडे गेलो, तेव्हा त्यांनी नकाशाच्या आधी मालमत्ता पत्रक मागितले. त्यावर अजून सासऱ्यांचेच नाव होते. ते म्हणाले, "आधी वारस नोंद करा. मग ज्यांची नावे लागतील, त्या सगळ्यांची परवानगीच्या अर्जावर सही किंवा संमती लागेल."

वारस तीन: अम्मी, माझे पती आणि त्यांची मोठी बहीण, आमच्या आपा. सासऱ्यांचे आईवडील आधीच अल्लाहला प्यारे झालेले. सूरह निसामध्ये सांगितलेल्या हिश्श्यांप्रमाणे मालमत्तेचे चोवीस भाग केले, तर पत्नी म्हणून अम्मींचे तीन, मुलाचे चौदा आणि मुलीचे सात. सातवीच्या मुलांना अपूर्णांक शिकवताना मी असली गणिते फळ्यावर कितीदा करते. स्वतःच्या घरात मात्र हे गणित कोणी मांडलेच नव्हते.

आपा म्हणाल्या, "मला काही नको. कुठे सही करायची ते सांगा." आम्हाला हायसे वाटले, हे मी कबूल करते. पण अम्मी म्हणाल्या, "तिने मागितलं नाही, म्हणजे सोडलं असं होत नाही. आधी तिचा हिस्सा तिच्या हातात ठेवा. मग तिला काय करायचं ते ती करेल." भावाकडचे येणे-जाणे तुटू नये म्हणून आपल्याकडे कितीतरी बहिणी "नको" म्हणतात. अम्मींना ते ठाऊक होते.

आम्ही प्लॉटची किंमत काढली, सात भागांचे पैसे आपांना दिले आणि दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात दस्त नोंदवला. अम्मींचे नाव त्यांच्या हिश्श्यासह आजही पत्रकावर आहे. या व्यवहारात बांधकामासाठी जमवलेली निम्मी रक्कम गेली आणि वरच्या दोन खोल्या लांबणीवर पडल्या. त्या पैशातून आपांनी मुलीची नर्सिंगची फी भरली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे तोंडी हिबा आणि तोंडी वाटणी चालते. देणाऱ्याने दिले, घेणाऱ्याने स्वीकारले आणि ताबा दिला, तर मुस्लिम कायद्यानुसार तोंडी हिबाही ग्राह्य असतो. पण बांधकाम विभागापुढे असतो तो उतारा. त्यावर ज्यांची नावे, तेच मालक धरले जातात. म्हणून नोंदीचे काम वडीलधारी माणसे हयात असतानाच उरकावे. तीस वर्षांनी चुलत-आत्ये भावंडांच्या अकरा सह्या गोळा करणे फार जड जाते.

परवानगी कशी मिळते

राज्याच्या बहुतेक भागात २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. मुंबई महापालिकेची नियमावली वेगळी आहे, आणखीही काही क्षेत्रे वगळलेली आहेत. या नियमावलीत छोट्या प्लॉटसाठी सोय केली आहे. १५० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण दीड गुंठ्यापर्यंत, नियमात बसणारा नकाशा सादर करून शुल्क भरले की ती पावती परवानगीसारखी धरली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरसाठी परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टच्या दाखल्यावर दहा दिवसांत परवानगी द्यायची असते. आमचा प्लॉट त्याहून मोठा, म्हणून नेहमीची पद्धत. त्यात साठ दिवसांत निर्णय अपेक्षित असतो.

अर्जासोबत मालकीचा उतारा, भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी, शेतजमीन असेल तर बिनशेतीचे कागद आणि इंजिनिअरच्या सहीचे नकाशे लागतात. मोजणीचा खर्च वाचवू नका. कुंपण आणि कागदावरची हद्द यांत दोन-तीन फुटांचा फरक सहज निघतो. गाव नदीकाठी असेल तर पूररेषाही आधीच बघून घ्यावी. निळ्या रेषेच्या आत राहते घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या जागेत जोते ठरावीक उंचीवर घ्यावे लागते.

ग्रामपंचायत हद्दीत गावठाणातली जागा आणि गावठाणाबाहेरची जागा यांत फरक आहे. परवानगी देणारा अधिकारी कोण, हे तालुक्याच्या ठिकाणी आधी विचारावे. "नमुना आठवर नाव आहे, घरपट्टी भरतो" एवढ्यावर विसंबू नये. घरपट्टीची पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा. तिने मालकी सिद्ध होत नाही आणि विनापरवाना बांधकाम नियमितही होत नाही.

टप्प्याटप्प्याने बांधणाऱ्यांसाठी

व्याजाचे कर्ज काढायचे नाही, हे आमच्या घरात आधीपासून ठरलेले होते. पतींचे विजेच्या उपकरणांच्या दुरुस्तीचे छोटे दुकान, माझा पगार आणि भिशी, एवढ्यावर काम चालले. पैसे आले की काम, संपले की थांबायचे. आपल्यातली अनेक कुटुंबे अशीच घरे बांधतात. त्यांच्यासाठी दोन नियम महत्त्वाचे आहेत.

पहिला मुदतीचा. परवानगी एका वर्षाची असते. त्या मुदतीत काम सुरू झाले नाही, तर ती संपण्याआधी नूतनीकरण करावे लागते आणि तेही तीनदाच करता येते. काम सुरू झाले असे केव्हा म्हणायचे? जोते पूर्ण झाल्यावर. म्हणून पैसे थोडे असतील तर आधी जोते पूर्ण करावे आणि त्याची सूचना इंजिनिअरच्या दाखल्यासह कार्यालयात देऊन पोच घ्यावी. आमचे जोते मे २०२२ मध्ये झाले. त्यानंतर पाच महिने काम बंद होते, पण परवानगी शाबूत राहिली.

दुसरा अंशतः भोगवट्याचा. तळमजला पूर्ण आणि वरचा मजला बाकी असेल, तर पूर्ण झालेल्या भागापुरता अंशतः भोगवटा हमीपत्र देऊन मागता येतो. वरचे काम होईपर्यंत खालचा मजला कागदाविना ठेवायचे कारण नाही.

दोन फुटांची गॅलरी

आता आमची चूक. स्लॅबच्या आदल्या दिवशी मिस्त्री म्हणाले, "भाभी, गॅलरी दोन फूट वाढवून घ्या. कपडे वाळत घालायला होईल. नंतर कोण टेप घेऊन येतंय?" इंजिनिअर त्या दिवशी बाहेरगावी होते. मी आणि पतींनी एकमेकांकडे पाहिले आणि हो म्हटले. त्याच आठवड्यात खालचे न्हाणीघरही नकाशातल्या जागेवरून चार फूट सरकवले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये इंजिनिअरने काम पूर्ण झाल्याचा दाखला आणि नकाशे जोडून भोगवट्याचा अर्ज केला. हा दाखला मिळाल्यापासून एकवीस दिवसांत कार्यालयाने पाहणी करून भोगवटा द्यायचा किंवा कारणे सांगून नाकारायचा असतो. ही सगळी कारणे पहिल्याच वेळी सांगावीत, असे नियमच सांगतो. ठरल्या दिवशी नगरपरिषदेचे अभियंता आले. सोबत टेप होती.

लेखी नकार आला. कारणे दोन. न्हाणीघर जागेवर नाही, आणि गॅलरी बाजूच्या मोकळ्या जागेत आलेली आहे. त्या रात्री कोणी नीट जेवले नाही. ओळखीचे एक जण म्हणाले, "कुणाला तरी भेटून मिटवून टाका." अम्मी म्हणाल्या, "रिश्वत देऊन घेतलेल्या कागदाच्या घरात मी नमाज पढणार नाही." विषय तिथेच संपला.

इंजिनिअरने फरक समजावला. न्हाणीघर नव्या जागीही नियमात बसत होते, त्यामुळे सुधारित नकाशा आणि शुल्क भरून ते मंजूर होण्यासारखे होते. गॅलरी नियमातच बसत नव्हती. ती काढणे हाच मार्ग. वाढीव गॅलरीला अठ्ठावीस हजार लागले होते. तोडून कडा दुरुस्त करायला एकेचाळीस हजार लागले.

ती तोडत असताना शेजारच्या वहिनी कुंपणाजवळ आल्या. म्हणाल्या, "बरं झालं. माझ्या ओट्यावर आता पुन्हा उजेड येईल." दीड वर्ष त्यांच्या स्वयंपाकघरात आमच्या गॅलरीची सावली पडत होती आणि त्यांनी एका शब्दाने बोलून दाखवले नव्हते. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपण जुम्म्याच्या बयानात किती वेळा ऐकतो! नकाशातली ती दीड मीटर मोकळी जागा मला तोवर सरकारी अडवणूक वाटत होती. तिथून वहिनींच्या घरात उजेड आणि वारा जात होता.

हा कागद कशासाठी

भोगवटा नसताना राहणारी हजारो कुटुंबे आहेत, मग एवढा आटापिटा कशाला, असे कोणी विचारील. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात देशभरासाठी निर्देश दिले. वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी भोगवटा किंवा पूर्णत्वाचे प्रमाणपत्र पाहूनच द्यावी, आणि बँकांनीही ते पाहूनच कर्ज द्यावे, असे त्यांत आहे. उद्या घर विकायची वेळ आली, तर घेणारा हाच कागद आधी मागेल.

त्याआधी १३ नोव्हेंबर २०२४ रोजी याच न्यायालयाने पाडकामाबाबत निर्देश दिले होते. किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस, म्हणणे मांडायची संधी आणि कारणांसह आदेश याशिवाय घर पाडता येणार नाही. रस्ता, पदपथ, नदी अशा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला मात्र हे संरक्षण नाही. गेल्या काही वर्षांत बुलडोझरच्या बातम्या पाहून आपल्या घरांत धास्ती असते. अन्यायाविरुद्ध दाद मागायचा हक्क प्रत्येकाला आहे. पण नोटीस आलीच, तर सुनावणीत आपल्या बाजूने बोलणारे कागद आधीपासून कपाटात असायला हवेत.

कार्यालयाने मुदत उलटूनही उत्तर दिले नाही, तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. अधिसूचित सेवेला विलंब झाला, तर त्याच कार्यालयाच्या वरिष्ठांकडे तीस दिवसांत प्रथम अपील करता येते. त्यासाठी अर्जाची पोच हवी. प्रत्येक कागदाची पोच घ्या, तारखेसह.

आमच्या कपाटात आता एक निळी फाईल आहे. मालमत्ता पत्रक, आपांचा दस्त, मोजणी, मंजूर नकाशा, जोत्याच्या सूचनेची पोच, तो लेखी नकार, सुधारित नकाशा आणि शेवटी भोगवटा. थोरल्या मुलाला मी ती एकदा पान-पान उलगडून दाखवली. नकाराच्या पत्रावर तो थांबला आणि म्हणाला, "हे कशाला ठेवलंस?" मी त्याला खिडकीशी नेले आणि वहिनींचा ओटा दाखवला.

वरच्या दोन खोल्या अजून बाकी आहेत. इंशाअल्लाह, पैसे जमतील तेव्हा बांधू. मिस्त्रींना सांगून ठेवले आहे, की इंजिनिअर हजर असल्याशिवाय नकाशाबाहेर एक वीटही लावायची नाही.