इथे कुणीच लिंबूटिंबू नाही!

मे महिन्याची सुट्टी लागली की एक सीन हमखास दिसतो. मामा टीव्हीसमोर गेम लावून बसलाय आणि आजोळी आलेला सहा-सात वर्षांचा भाचा त्याच्या खांद्यावर लोंबकळत विचारतोय, 'मामा, मला पण दे ना!' यावर सगळ्यात चलाख तोडगा म्हणजे त्याच्या हातात बंद कंट्रोलर देणं. पोरगं बटणं दाबतंय, मामा आपला खेळतोय. लपाछपीत धाकट्यांना लिंबूटिंबू करायचे ना, तोच हा प्रकार. फक्त आजकालची पोरं हुशार आहेत. पडद्यावर आपलं काहीच चालत नाहीये, हे त्यांना दोन मिनिटांत कळतं. मग रडारड!

तर मंडळी, यावर एक खराखुरा उपाय आहे. तो म्हणजे गाजलेल्या सिनेमांवरचे लेगो गेम्स. २००५ मध्ये 'लेगो स्टार वॉर्स' आला. तो बनवला इंग्लंडच्या ट्रॅव्हलर्स टेल्स या स्टुडिओने. मग २००८ मध्ये इंडियाना जोन्स, २०१० मध्ये हॅरी पॉटर, २०१२ मध्ये लॉर्ड ऑफ द रिंग्ज अशी रांगच लागली. सिनेमा ओळखीचा, पात्रं लेगोच्या ठोकळ्यांची आणि खेळणारे दोघं एकाच सोफ्यावर. दुसऱ्याने कंट्रोलर उचलून बटण दाबलं की तो खेळात आला. कंटाळला की बाहेर. त्याच्यामुळे तुमचा खेळ थांबत नाही.

हरणं एकदम स्वस्त

लहान मुलं गेममधून उठतात ती बहुतेकदा सारखं हरून. इथे प्रत्येकाला चार हृदयं मिळतात. ती संपली की पात्राचे ठोकळे विखुरतात, जमवलेली थोडी नाणी सांडतात आणि पुढच्याच क्षणी गडी पुन्हा उभा! 'गेम ओव्हर' नावाची भानगडच नाही. त्यामुळे भाचा एकाच खड्ड्यात दहा वेळा पडला तरी मामाचं काही बिघडत नाही आणि भाच्याचाही हिरमोड होत नाही.

पण म्हणून हा खेळ फक्त बच्चेकंपनीचा नाही. अडचणी सोडवायला डोकं लागतं आणि एकाच पात्राला सगळं जमत नाही. 'स्टार वॉर्स'मध्ये जेडाय 'फोर्स' वापरून वस्तू हलवतो, पण कुलूपबंद दार उघडायला आर-टू-डी-टूच लागतो. 'हॅरी पॉटर'मध्ये चिंचोळ्या पाइपात रॉनचा उंदीर शिरतो. इंडियाना जोन्स तर साप दिसला की थिजतो, सिनेमातल्यासारखाच. म्हणजे मामाकडे जेडाय असेल आणि रोबो भाच्याकडे, तर दारापाशी मामालाच म्हणावं लागतं, 'ये रे, उघड की जरा!' लिंबूटिंबूला असं कुणी कधी बोलावतं का?

भाषेचा प्रश्नच नाही

जुन्या लेगो गेम्समध्ये डायलॉग नाहीत. नुसते हावभाव, हुंकार आणि धमाल विनोद. 'मी तुझा बाप आहे' हा स्टार वॉर्समधला जगप्रसिद्ध प्रसंग २००६ च्या दुसऱ्या गेममध्ये डार्थ वेडर चक्क फोटो दाखवून उरकतो! इंग्लिश येत नसलेली मराठी मीडियमची पहिलीतली पोरंही इथे खळखळून हसतात. २०१२ च्या 'लेगो बॅटमॅन २'पासून पात्रं बोलायला लागली. पण २०२२ मध्ये आलेल्या 'स्कायवॉकर सागा'त, म्हणजे नऊ सिनेमे एकत्र असलेल्या गेममध्ये, 'मम्बल मोड' सापडतो. तो लावला की सगळे पुन्हा पुटपुटायला लागतात.

खरी परीक्षा मोठ्यांची

हे गेम्स सोपे आहेत, त्यामुळे मोठ्यांचा हात पुढे पळतो. उत्तर आपल्याला दिसलेलं असतं आणि पोरगं भलत्याच कोपऱ्यात खुर्च्या फोडत असतं, कारण फोडलं की नाणी मिळतात. अशा वेळी तोंडातून निघतं, 'दे इकडे, मी करतो.' ते बोललात की तुम्ही त्याला परत लिंबूटिंबू केलंत. त्यापेक्षा फोडू दे की खुर्च्या! 'ते चमकतंय ते काय असेल रे?' एवढंच विचारा आणि गप्प बसा. त्याला सापडलं की घरभर सांगत फिरेल. आईने आठ वेळा 'स्क्रीन बंद कर' म्हणून जे होत नाही, ते 'ही लेव्हल झाली की थांबू, आपलं ठरलंय ना?' एवढ्यावर होऊ शकतं. कारण आता तो टीममध्ये आहे आणि टीमचा शब्द पाळावा लागतो.

सुरू करण्याआधी…

* 'स्कायवॉकर सागा'ला युरोपात ७+ आणि अमेरिकेत १०+ असं रेटिंग आहे. मारामारी आहे, पण फुटतात ते ठोकळे. फारच लहान मूल असेल तर आधी एक लेव्हल स्वतः खेळून बघा.

* जुन्या गेम्समध्ये दोघांना एकच स्क्रीन असल्याने ओढाताण होते. २००९ च्या 'इंडियाना जोन्स २'पासून दोघं लांब गेले की स्क्रीन दुभंगते. भांडकुदळ जोडीसाठी नवे गेम बरे.

* जोडीदाराला मारता येतं आणि पोरं ते करणारच. दोन फटके खा, एक द्या आणि पुढे चला.

* जुन्या गेम्समध्ये लेव्हल अर्ध्यात सोडली तर पुन्हा पहिल्यापासून खेळावी लागते. म्हणून 'पानं घेतलीत, चला जेवायला'ची हाक येण्याआधी अर्धा तास नवी लेव्हल सुरू करू नका. नाहीतर वरण-भात गार आणि भाचा गरम!