घोरणे आणि दंतपंक्ती

कुंभकर्णाच्या झोपेची कथा ठाऊक नाही असा विद्यार्थी सापडणे कठीण. त्या कथेमुळेच की काय, घोरणारा मनुष्य म्हणजे गाढ झोपेचा धनी, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. घरात कोणी घोरू लागले की आपण हसतो, त्यास कूस बदलावयास सांगतो आणि विषय तेथेच संपतो. परंतु घोरणे हे सुखनिद्रेचे लक्षण नव्हे. श्वासाची वाट अरुंद झाल्याची ती सूचना होय. सर्दी, लठ्ठपणा, उताणे निजणे अशी तिची अनेक कारणे आहेत. त्यांपैकी एकाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ते म्हणजे जबडा, टाळू व दात यांची रचना.

जागेपणी घशाचे स्नायू ताठ असतात. झोपेत ते सैल पडतात. त्या अरुंद वाटेने हवा वेगाने जाऊ लागली की, वाऱ्यावर दोरीवरचे धोतर फडफडावे तशी मऊ टाळू व पडजीभ फडफडू लागते. तोच घोरण्याचा आवाज.

आता जिभेचा विचार करू. तिचा एक मोठा स्नायू खालच्या जबड्याला आतून, हनुवटीपाशी जोडलेला असतो. म्हणून जबडा जिकडे, तिकडे जीभ. जबडा लहान किंवा मागे असला तर जीभही मागे राहते आणि झोपेत घशाची वाट अडविते. याचा पडताळा पाहावयाचा असेल तर बसल्या जागी खोटे खोटे घोरून पाहा. मग खालचा जबडा पुढे काढून तसेच करा. बहुतेकांस ते अवघड जाते.

एकावर एक चढलेले दात स्वतः घोरण्यास कारण होत नाहीत. पण जबडा लहान आहे, जिभेस पुरेशी जागा नाही, याची ती खूण असू शकते. टाळूचेही तसेच. टाळू हे तोंडाचे छत, तसेच नाकाची जमीन. ती अरुंद व उंच असली तर नाकातील वाटही अरुंद होते. वृद्धांचे सर्व दात पडले की जबड्याचा आधार जातो, हाड झिजते आणि जीभ मागे सरकण्याचा संभव वाढतो.

लहान मुलांत हे चक्र उलट दिशेनेही फिरते. टॉन्सिल अथवा नाकामागील ॲडेनॉइड वाढल्यामुळे मूल तोंडाने श्वास घेऊ लागते. मग टाळूला टेकून राहणारी जीभ खाली उतरते, गालांचा दाब वाढतो, वरचा जबडा अरुंद होतो व दात पुढे येऊ लागतात.

यावर उपाय आहेत. पिएर रोबँ या फ्रेंच दंतवैद्याने 1902 साली खालचा जबडा पुढे आणणारे एक साधन योजिले होते. आज त्याच तत्त्वावर रात्री दातांवर बसविण्याची साधने दंतवैद्य तयार करून देतात. वाढत्या वयातील मुलांची टाळू रुंद करण्याचीही सोय आहे. मात्र आधी खरे कारण कोणते, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

कारण प्रश्न केवळ आवाजाचा नाही. काहींचा श्वास घोरता घोरता दहा सेकंद वा त्याहूनही अधिक काळ थांबतो व ते दचकून श्वास घेतात. रात्रीत असे वारंवार घडणे यास ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. त्याने झोप तुटते, रक्तदाब वाढू शकतो आणि दिवसा लक्ष लागत नाही. वर्गात पेंगणाऱ्या प्रत्येक मुलास आपण आळशी ठरवितो. कदाचित तो बिचारा रात्रभर श्वासासाठी झगडत असेल. म्हणून घरात कोणी नित्य घोरत असेल, तर हसण्यापूर्वी क्षणभर कान देऊन ऐका. मध्येच आवाज थांबला, तर ती गोष्ट वडीलधाऱ्यांच्या कानी घाला. एवढे निरीक्षण विद्यार्थ्यासही करता येण्याजोगे आहे.