पियानो आणि वैद्यक : एका तरुणाचा दुहेरी अभ्यास

दहावीचे वर्ष सुरू झाले की आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आता गाणे-बजावणे पुरे.’ वाचक बंधु-भगिनींनो, हे वाक्य मीही एकदा उच्चारले आहे. त्याचा हिशेब लेखाच्या अखेरीस मांडतो. तत्पूर्वी, याच वळणावर ज्याने वेगळा निर्णय घेतला अशा अमेरिकेतील एका तरुणाची हकिकत सांगावीशी वाटते.

त्याचे नाव रिचर्ड कोगन. पियानोचे शिक्षण बालवयातच सुरू झाले. न्यूयॉर्क येथील जुलियार्ड या ख्यातनाम संगीतसंस्थेच्या महाविद्यालयपूर्व विभागात त्याने नादिया रायझेनबर्ग या श्रेष्ठ वादिकेकडे धडे घेतले. कोशुस्को फाउंडेशनच्या शोपँ पियानो स्पर्धेत त्याला प्रथम पारितोषिक मिळाले. असे यश पदरी पडल्यावर बहुतेक तरुण संगीत हाच पूर्णवेळ व्यवसाय मानतात.

१९७०च्या दशकात तो हार्वर्ड विद्यापीठात शिकत होता. तेथे चेलोवादक यो-यो मा व व्हायोलिनवादक लिन चँग यांच्यासह तिघांची मैफल जमली. पुढे यो-यो मा जगद्विख्यात झाले. कोगन यांनी मात्र वैद्यकाची वाट धरली आणि पियानोही सोडला नाही.

हे जमले कसे? अमेरिकेत वैद्यकीय पदवीचा अभ्यासक्रम सामान्यतः चार वर्षांचा असतो. कोगन यांना मैफलींसाठी प्रवास करता यावा म्हणून हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाने तो पाच वर्षांत विभागून दिला. बँकेच्या भाषेत सांगायचे तर परतफेडीची मुदत वाढवून मिळाली. मुद्दल मात्र एका पैशानेही कमी झाले नाही. शरीरशास्त्राचा अभ्यास तितकाच करावा लागला आणि सरावाचे तासही टळले नाहीत. आपण मुलांपुढे ‘हे किंवा ते’ एवढेच दोन पर्याय ठेवतो. ‘दोन्ही, पण थोड्या अधिक काळात’ हा तिसरा पर्याय आपल्या विचारात फारसा येतच नाही.

पुढे कोगन मनोविकारतज्ज्ञ झाले आणि न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून काम करू लागले. तेथील संगीत व वैद्यक या उपक्रमाचे कलाविषयक नेतृत्वही त्यांच्याकडे आले. दोन विद्यांचा संगम त्यांच्या व्याख्यान-मैफलींत दिसतो. थोर संगीतकारांच्या मनःस्थितीचे ते विवेचन करतात आणि लगेच पियानोवर बसून त्यांच्याच रचना ऐकवतात.

त्यांच्या विवेचनात येणाऱ्या रशियन संगीतकार राखमानिनोव्ह यांचेच उदाहरण घ्या. १८९७ साली त्यांची पहिली सिंफनी सपशेल अपयशी ठरली. त्या आघाताने ते असे खचले की सुमारे तीन वर्षे त्यांच्या हातून महत्त्वाचे काही लिहून झाले नाही. १९०० साली मॉस्कोचे डॉक्टर निकोलाय दाल यांनी संमोहन व संभाषण यांच्या साहाय्याने त्यांच्यावर उपचार केले. हे डॉक्टर स्वतः हौशी वादक होते. १९०१ साली राखमानिनोव्ह यांचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो पूर्ण झाला आणि त्यांनी तो डॉक्टर दाल यांनाच अर्पण केला. ही कथा नुसता डॉक्टर सांगू शकेल, नुसता वादक ती रचना वाजवू शकेल; दोन्ही एकाच आसनावरून करणारा विरळा.

आपल्याकडेही अशी उदाहरणे आहेत. जयपूर-अत्रौली घराण्याच्या गायिका अश्विनी भिडे-देशपांडे यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातून जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवली.

प्रत्येक मुलाला हे झेपेल असे माझे मुळीच म्हणणे नाही. दुहेरी अभ्यासाची किंमत मोजावी लागते. सुट्ट्या, लग्नसमारंभ, मित्रांची मैफल यांतून ती वसूल होते. ती मोजायची की नाही, हे मुलाला विचारून ठरवावे, एवढेच सुचवायचे आहे.

आता माझा हिशेब. कन्येच्या दहावीच्या वर्षी मीच तिची पेटी कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवली. ‘परीक्षा झाली की काढू’ असे म्हणालो होतो. मग बारावी आली, मग सी. ए.चा अभ्यास. ती चार्टर्ड अकाउंटंट झाली, तक्रार कधी केली नाही. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत पेटी खाली उतरवली, तेव्हा भात्याला भोके पडली होती आणि चार स्वर मुके झाले होते. कन्या क्षणभर पट्ट्यांवरून बोटे फिरवत उभी राहिली. मी मात्र काही बोलू शकलो नाही.

पेटी दुरुस्त करून आणली आहे. नात सात वर्षांची आहे. ती आठवड्यातून दोनदा शिकायला जाते. तिच्या दहावीच्या वर्षी माळ्याची शिडी कोणी मागितली तर ती द्यायची नाही, असे मी घरात आताच सांगून ठेवले आहे.