श्वासाचा ताळेबंद

कसलेला व्यापारी दुकानातली गर्दी पाहून समाधान मानत नाही. किती माल निघाला, किती पोचला आणि वाटेत किती घट आली, हे तो वहीत ताडून पाहतो. फुफ्फुसांच्या कारभाराची पारखही अशीच करावी लागते.

हवेत सुमारे 21 टक्के प्राणवायू असतो. फुफ्फुसांच्या वायुकोशांत त्याचा दाब साधारण 100 मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. अतिशय पातळ पडद्यातून तो रक्तात उतरतो आणि निरोगी तरुणाच्या धमनीत 90 च्या आसपास भरतो. मधले अंतर हीच वाटेतली घट. वयानुसार ती थोडी वाढते; फार वाढली, तर फुफ्फुसांत दोष असण्याचा संभव असतो. मात्र हा हिशेब मांडण्यासाठी मनगटाच्या धमनीतून रक्त काढावे लागते.

बोटावरचा ऑक्सिमीटर हे काम सुईविना, पण अंदाजाने करतो. जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी 1974 मध्ये मांडलेल्या तत्त्वावर तो चालतो. प्राणवायूने भरलेले आणि रिकामे हिमोग्लोबिन लाल व अवरक्त प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. नाडीच्या ठोक्यागणिक होणारा हा फरक यंत्र मोजते. बोटे गार असली, नखांवर गडद रंग असला, तर अंक चुकू शकतो. त्वचा सावळी असल्यास तो कधी कधी प्रत्यक्षाहून अधिकही दिसतो.

त्याहून मोठी मेख पुढेच आहे. रक्तातील दाब 100 वरून 60 वर उतरला, तरी बोटावरचा अंक 98 वरून सुमारे 90 वरच येतो. बरेच भांडवल सरेपर्यंत पाटीवरचा आकडा फारसा हलत नाही. त्यानंतर मात्र घसरण वेगाने होते. तसेच नळीने प्राणवायू घेणाऱ्याचे 97 आणि साध्या हवेतले 97 यांचे मोल एक नव्हे.

यात्रेच्या तयारीत असलेल्या ज्येष्ठांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. सम्मेदशिखरजीची वंदना सुमारे 27 किलोमीटरची, तर पारसनाथ पर्वताची उंची सुमारे 1,365 मीटर. घरी बसल्या जागी 97 दिसले, म्हणून चढणीवरही तेच राहील असे नाही. दमा, जुना खोकला किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी महिनाभर आधी डॉक्टरांकडे जाऊन सहा मिनिटे चालण्याची चाचणी करून घ्यावी. चालल्यावर अंक तीन-चारने उतरला किंवा 94 च्या खाली गेला, तर पुढील तपासणी टाळू नये. बसल्या जागीच धाप लागत असेल, तर अंक चांगला दिसला तरी थांबू नये.

डॉक्टरांनी चढण वर्ज्य सांगितली, तर डोलीने वर जाण्यात कमीपणा नाही. वंदना भावाने होते. घरातील थोरांना सुखरूप नेऊन परत आणणे हे मुला-सुनांचे कर्तव्य होय.