सहा इंचांचा माणूस

अ‍ॅक्शन फिगरचे फोटो काढायचे तर आधी महागडा कॅमेरा हवा, मॅक्रो लेन्स हवी, घरात स्टुडिओ हवा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. ते ऐकून कपाटातला स्पायडरमॅन किंवा फनस्कूलचा जुना जी. आय. जो कपाटातच राहतो. त्याला बाहेर काढा. या छंदात पैशाआधी एक गोष्ट समजून घ्यावी लागते, ती म्हणजे माप.

बाजारातल्या बऱ्याच फिगर सहा इंचांच्या, म्हणजे साधारण 1:12 मापाच्या असतात. माणसाचा फोटो आपण 3 मीटरवरून काढत असू, तर ही फिगर तशीच दिसायला कॅमेरा 25 सेंटिमीटरवर यायला हवा. तोही तिच्या डोळ्यांच्या उंचीला, जमिनीपासून जेमतेम 14 सेंटिमीटरवर. आपण उभ्याने, वरून टिपलं की कॅमेरा कितीही भारी असो, फोटोत खेळणंच दिसतं. मोबाइल उलटा धरला की लेन्स जमिनीलगत येते, आणि त्याला काही खर्च नाही.

कॅमेऱ्याविषयीच्या समजुतीला मायकल पॉल स्मिथ या अमेरिकन कलावंताचं काम हे उत्तम उत्तर आहे. त्यांनी ‘एल्गिन पार्क’ नावाचं काल्पनिक गाव उभारलं. 1:24 मापाच्या मोटारी आणि हाताने बनवलेल्या इमारती ते उघड्यावर टेबलावर मांडत. मागची झाडं खरी, घरं खरी, आकाशही खरं. मापं आणि अंतरं अशी जुळवलेली, की तो विसाव्या शतकाच्या मध्यावरचा रस्ताच वाटावा. हे सगळं त्यांनी साध्या, स्वस्त डिजिटल कॅमेऱ्यावर टिपलं. असे फोटो संगणकावरच ‘बनवतात’ हा समजही इथेच गळून पडतो.

आता सगळ्यात चिवट गैरसमज: मागचं जितकं धूसर, तितका फोटो चांगला. माणसांच्या फोटोंवरून ही समजूत इथे आली आहे आणि ती नवख्याला फार नडते. लेन्स वस्तूच्या जितकी जवळ, तितका फोकसचा पट्टा अरुंद. मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडं ठेवलं, तर 25 सेंटिमीटरवर हा पट्टा काही मिलिमीटरच उरतो. नाक स्पष्ट, कान पुसट. असा अरुंद पट्टा दिसला की वस्तू लहान आहे हे आपल्या डोळ्याला लगेच कळतं. खऱ्या शहराच्या फोटोतला वरचा-खालचा भाग धूसर केला तर शहर खेळण्यातलं वाटू लागतं, तेही याचमुळे. म्हणून अ‍ॅपर्चर एफ/8 ते एफ/11 इतकं लहान ठेवावं आणि प्रकाश कमी येत असल्याने ट्रायपॉड वापरावा. मोबाइलचा सेन्सर छोटा असल्याने त्यात मुळातच जास्त भाग स्पष्ट येतो. इथे स्वस्त साधनाचा खरोखर फायदा आहे. फक्त मागचं मुद्दाम धूसर करणारा पोर्ट्रेट मोड बंद ठेवा.

अर्थात धूसरपणा वर्ज्य नाही. छायाचित्रकार डेव्हिड लेव्हिन्थॉल यांनी व्यंगचित्रकार गॅरी ट्रूडो यांच्यासोबत 1977 मध्ये ‘हिटलर मूव्ज ईस्ट’ हे पुस्तक केलं. त्यात खेळण्यातल्या सैनिकांना मुद्दाम अस्पष्ट ठेवून रणांगणाचा भास उभा केला आहे. पण तो विचार करून घेतलेला निर्णय होता.

देखावा विकत घ्यावा लागतो, हेही खरं नाही. दिवाळीचा किल्ला केलेल्या माणसाला माती, दगड आणि अळिवाची हिरवळ यांतून डोंगर उभा करायला शिकवावं लागत नाही. कोकणातल्या सड्यावरचा सच्छिद्र जांभा परग्रहाची जमीन म्हणून सहज खपतो. फक्त कण बारीक हवेत. 1 मिलिमीटरचा वाळूचा दाणा या मापात 12 मिलिमीटरची खडी दिसतो, म्हणून माती चाळून घ्या किंवा विटेची पूड वापरा. पाणी मात्र दाद देत नाही. थेंब लहान करता येत नाही, त्यामुळे पावसाच्या दृश्यात बारीक फवाऱ्याची बाटलीच बरी. धुरासाठी उदबत्ती पुरते.

मोबाइलचा फ्लॅश टाळा, प्लास्टिकची चकाकी लगेच चुगली करते. बाजूने टेबललँप, त्यापुढे ट्रेसिंग पेपर आणि समोर थर्माकोलचा पांढरा तुकडा, एवढी प्रकाशयोजना सुरुवातीला भरपूर झाली.

फिगर जास्त असल्या म्हणजे फोटो चांगले येतात असंही नाही. चांगल्या सांध्यांची एक फिगर घ्या आणि तिला उभं राहायला शिकवा. वजन एका पायावर, दुसरा गुडघा किंचित वाकलेला, खांदे कमरेच्या उलट बाजूला झुकलेले, नजर कशावर तरी खिळलेली. बहुतेक फोटो इथेच जिवंत होतात किंवा पडतात. सांधा अडला तर जोर लावू नका. गरम पाण्यात थोडा वेळ धरला की प्लास्टिक सैल होतं.

उडी मारणारी फिगर तारेवर किंवा स्टँडवर टांगलेली असते. ती तार नंतर पुसणं ही फसवणूक आहे असं काहींना वाटतं, मला तसं वाटत नाही. ट्रायपॉड न हलवता, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करून एक फोटो फिगरसह काढा आणि लगेच दुसरा रिकाम्या जागेचा. मग मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये दोन्ही एकावर एक ठेवून तार तेवढी खोडा. बाहेर असाल तर दोन्ही फोटोंच्या मध्ये ढग सरकू देऊ नका, नाहीतर रंग जुळत नाहीत.